नावात 'र' असलेले महिने

आई म्हणायची, ज्या महिन्याच्या नावात 'र' येतो
त्या महिन्यात रोज सकाळी एक चमचा.
म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल,
कॉड माशाच्या यकृताचं तेल,
नाक दाबून, आणि मागोमाग पावाचा तुकडा.
मे महिना आम्हाला म्हणून इतका आवडायचा.

चमचा एकच, भावंडं पाच.
धाकट्या ओडवारच्या वाट्याला
चौघांच्या जिभांनी कोमट झालेलं कथील.
ओडवार समुद्रात गेला. चमचा आहे.

मी एकतीस वर्षं वार्डोच्या धक्क्यावर मासे कापले.
पट्टा सरकायचा, सुरी सरकायची,
मांस उजवीकडे, यकृत डावीकडच्या टबात.
शेजारी योगेश्वरी, जाफन्याहून आलेली.
पहिल्याच डिसेंबरात तिने विचारलं,
सूर्य कुठे ठेवलाय तुम्ही?
मी म्हटलं, तुमच्याकडेच. येताना आणायचा होतास.
हसता हसता दोघींच्या हातमोज्यांत
बर्फाचं पाणी होत होतं.

आता तिची पेरं आणि माझी पेरं सारखीच.
आल्याचे गड्डे, ती म्हणते.
(आलं मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याच ओट्यावर पाहिलं.)
सकाळी मूठ वळायला तासभर लागतो.
कॉफीचा कप दोन्ही तळव्यांत धरायचा,
पाखरू धरावं तसा.

डॉक्टर वेत्ले, तिशीही न गाठलेला,
पडद्यावरचा आकडा दाखवतो: ड जीवनसत्त्व कमी.
योगेश्वरीचं माझ्याहून कमी.
सावळ्या कातडीला ऊन जास्त लागतं,
आणि इथलं ऊन, असतं तेव्हाही, तिरकं.
गोळी घ्या, हाडांना हवीच.

आणि ही बोटं?

तो खरं बोलला, म्हणून मला आवडला.
झिजलेली कूर्चा गोळीने परत उगवत नाही, म्हणाला.
दुखणं थोडं निवेल, कदाचित.
ते 'कदाचित'सुद्धा त्याने
चमच्याने मोजावं तसं मोजून दिलं.

बाटली घरी आणली.
झाकण दाबायचं आणि दाबतानाच फिरवायचं,
लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून.
दाबलं. फिरेना.
दाराच्या फटीत धरून पाहिलं.
योगेश्वरीने स्वेटरच्या बाहीत गुंडाळून पाहिलं.
दोन बायका, हजारो टन मासे कापलेले चार हात,
आणि एवढंसं पांढरं झाकण.
तिची नात आदिरै, वय वर्षं सात,
वजाबाकी करता करता
मान वर न करता उघडून मोकळी.

तेव्हापासून ती शाळेतून थेट इकडे येते.
टेबलावर दोन गोळ्या काढते, एक मला, एक आजीला,
आणि मी तिच्यापुढे आईचा चमचा धरते.
तेल थोडं सांडतं, माझा हात थरथरतो.
ती नाक दाबते, अगदी ओडवारसारखी.

काल चमचा बघून ती मागे सरली.
आजीच्या कॅलेंडरात आज 'तै' लागला, म्हणाली,
'तै'मध्ये 'र' नाही.

खिडकीबाहेर दुपारचे दोन, आणि काळोख.
पलीकडच्या स्वयंपाकघरात योगेश्वरी
नव्या महिन्याचा भात दुधात उतू घालत होती,
सूर्यासाठी,
जो अजून पाच-सहा दिवस तरी उगवणार नव्हता.
मग किल्ल्यावरची तोफ उडेल, शाळेला सुट्टी मिळेल,
आम्ही टेकडीवर चढू, गुडघे शिव्या देतील.

मी आदिरैच्या मुद्द्यावर बराच वेळ विचार केला.
अर्धा चमचा, मी म्हटलं.
तिने अर्ध्याचंही नाक दाबलं.